अ‍ॅप काढलं तरी खातं राहतंच: कंपनीकडचा आपला डेटा बघायचा, सुधारायचा आणि पुसून घ्यायचा कसा

फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं की त्या कंपनीशी संबंध संपला, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात फोनमधली जागा तेवढी मोकळी होते. नाव, मोबाइल नंबर, घरचा पत्ता, ऑर्डरचा इतिहास, लोकेशनच्या नोंदी, कधीकाळी चढवलेला पॅनकार्डाचा फोटो, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर जागच्या जागी असतं. ते बघायला मागणं, चुकीचं असेल तर दुरुस्त करून घेणं, दिलेली संमती मागे घेणं आणि शेवटी पुसायला लावणं हा वापरणाऱ्याचा हक्क आहे. मात्र या कामाला क्रम आहे आणि तो चुकला की महिनाभर मेल पाठवूनही हाती काही लागत नाही.

क्रम असा: आधी बघा, मग दुरुस्त करा, मग संमती मागे घ्या आणि सगळ्यात शेवटी खातं मिटवा. बरेच जण रागाच्या भरात थेट खातं मिटवतात. त्यानंतर डेटा कोणाकोणाला दिला हे विचारायला गेलं, तर कंपनी म्हणते, या नंबरावर आमच्याकडे खातंच नाही, तुमची ओळख पटत नाही. जे विचारायचं ते खातं चालू असतानाच विचारावं लागतं.

कायदा सध्या कुठे आहे

पत्रात चुकीचा कायदा लिहिला की कंपनीला टाळायला निमित्त मिळतं, म्हणून एवढा भाग नीट वाचा.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. पण सगळी कलमं एकदम लागू झालेली नाहीत. या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाशी संबंधित तरतुदी लगेच लागू झाल्या. कंपन्यांवरची मुख्य बंधनं आणि आपले हक्क, म्हणजे कलम 11 ते 14, अधिसूचनेपासून 18 महिन्यांनी, मे 2027 मध्ये लागू होतात. त्यात कलम 11 डेटाचा गोषवारा आणि तो कोणाला दिला त्यांची नावं मागण्याचं, 12 दुरुस्ती आणि पुसण्याचं, 13 तक्रारीचं आणि 14 वारस नेमण्याचं.

तोपर्यंत हात रिकामे नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43अ आणि त्याखालचे 2011 चे नियम चालू आहेत. त्यातला नियम 5 कामाचा आहे: आपण दिलेली माहिती तपासता येते, चूक असेल तर सुधारून मागता येते, संमती लेखी मागे घेता येते. कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यायचा आणि तक्रारीचा निपटारा एका महिन्यात करायचा, हेही त्यातच आहे. या नियमांत 'संवेदनशील' म्हणून पासवर्ड, बँक खातं आणि कार्डाचा तपशील, आरोग्याची माहिती, बोटांचे ठसे वगैरे येतं. ऑनलाइन दुकानांना याशिवाय 2020 चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत: तक्रारीची पोच 48 तासांत आणि निपटारा एका महिन्यात. कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सना रिझर्व्ह बँकेचे निर्देश बांधील आहेत आणि ते या सगळ्यांत जास्त कडक आहेत. त्यांचं पुढे सविस्तर येईल.

नव्या कायद्यातली एक तरतूद मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. संमती मागताना दिलेली सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय कंपनीने द्यायचा आहे. त्या अनुसूचीत मराठीही आहे आणि कोंकणीही. घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणी इंग्रजी अटींवर 'अ‍ॅग्री' दाबायला लावत असेल, तर ही तरतूद लागू झाल्यावर मराठी मजकूर हक्काने मागा.

सुरुवात करण्याआधी

कोणत्या नंबरावर आणि कोणत्या ईमेलवर खातं आहे ते आधी नक्की करा. निम्म्या विनंत्या इथेच अडतात. मेल जातो ऑफिसच्या पत्त्यावरून आणि खातं असतं जुन्या जीमेलवर. सिम बदललं असेल तर ओटीपी जुन्या नंबरावर जातो आणि तो नंबर एव्हाना दुसऱ्या कोणाला मिळालेला असू शकतो. अशा वेळी आधी अ‍ॅपमधून नंबर बदलून घ्या, मग पुढचं.

खात्याला लटकलेल्या गोष्टी सोडवा. वॉलेटमध्ये शिल्लक, चालू ऑर्डर, अर्धवट परतावा, न फेडलेला हप्ता किंवा सुरू असलेलं सबस्क्रिप्शन, यातलं एकही राहिलं तर खातं मिटवण्याची विनंती बहुधा नाकारली जाते. सबस्क्रिप्शनचे पैसे यूपीआय ऑटोपेने कापले जात असतील, तर यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन ते मँडेट, म्हणजे पैसे कापायला दिलेली कायमची परवानगी, तिथून रद्द करा. खातं मिटवल्याने मँडेट आपोआप रद्द होईल या भरवशावर राहू नका.

'गुगलने लॉगिन' करून उघडलेल्या खात्यांत एक फसगत नेहमी होते. स्वच्छतेच्या उत्साहात गुगल खात्यातून त्या अ‍ॅपची जोडणी आधी तोडली जाते, आणि मग त्या अ‍ॅपमध्ये शिरायला वाटच उरत नाही, कारण वेगळा पासवर्ड कधी ठेवलेलाच नसतो. आधी अ‍ॅपमधलं खातं मिटवा, नंतर गुगलची जोडणी तोडा.

बिलं, हमीपत्रं, तिकिटं, पॉलिसीचे कागद उतरवून ठेवा. फ्रिज दुरुस्तीला द्यायच्या वेळी बिल मिटवलेल्या खात्यात राहिलेलं असणं ही फार सामान्य अडचण आहे.

जे बटणाने होतं ते बटणानेच करा

मोठ्या कंपन्यांनी बघण्याची आणि मिटवण्याची सोय अ‍ॅपमध्येच दिलेली असते. तिथे पत्र लिहिण्यात वेळ जातो आणि उत्तरात शेवटी त्याच बटणाचा पत्ता येतो.

गुगलकडच्या आपल्या डेटाची प्रत उतरवायला 'टेकआउट' हे पान आहे. तिथे सगळ्या सेवांवर आधीच खूण असते, ती काढून हव्या तेवढ्याच निवडा. नाहीतर फोटो आणि ड्राइव्हसकट शेकडो जीबीचा गठ्ठा तयार होतो. फाइल झिप ठेवा. साधारण आठवड्याभरात डाउनलोडच्या लिंकची मुदत संपते, त्यामुळे मेल आला की लगेच उतरवून घ्या. लोकेशनची टाइमलाइन मात्र आता फोनमध्ये साठते. तिची प्रत हवी तर फोनच्या लोकेशन सेटिंगमधूनच काढावी लागते. पुढे साठा वाढू नये म्हणून 'माय अ‍ॅक्टिव्हिटी'त जाऊन आपोआप पुसण्याची मुदत लावा: 3, 18 किंवा 36 महिने असे पर्याय आहेत, त्यातला 3 महिन्यांचा घ्या.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी 'अकाउंट्स सेंटर'मध्ये माहिती आणि परवानग्यांचा विभाग आहे. प्रत मागवताना दोन प्रकार विचारले जातात. नुसतं वाचायचं असेल तर एचटीएमएल घ्या, ती ब्राउझरमध्ये पानांसारखी उघडते. जेसन प्रकार संगणकाला वाचायला सोयीचा, माणसाला नाही. याच विभागात मेटाबाहेरच्या (मेटा म्हणजे या दोन्ही अ‍ॅप्सची मालक कंपनी) हालचालींची यादी मिळते: कोणत्या दुकानाने, कोणत्या अ‍ॅपने तुमच्या भेटीची खबर मेटाला दिली ते. ही यादी एकदा तरी बघाच. औषधांचं दुकान, लग्न जमवणारी साइट, कर्जाचं अ‍ॅप, सगळ्यांची नावं ओळीने दिसू शकतात. तिथूनच मागची जोडणी पुसता येते आणि पुढची थांबवता येते.

मिटवताना 'डीअ‍ॅक्टिव्हेट' आणि 'डिलीट' यांत गल्लत करू नका. पहिल्याने खातं फक्त झाकलं जातं. दुसरं निवडल्यावर 30 दिवस विचार बदलायला मिळतात, आणि पुढे सर्व्हरवरून सगळं पुसायला एकूण 90 दिवसांपर्यंत लागू शकतात. या 30 दिवसांत चुकून जरी लॉगिन झालं तरी विनंती रद्द होण्याची शक्यता असते. जुना टॅब्लेट, ऑफिसचा संगणक, किंवा 'फेसबुकने लॉगिन' ठेवलेलं एखादं गेम, यातूनही ते होऊ शकतं. म्हणून आधी सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, मग अकाउंट, मग 'रिक्वेस्ट अकाउंट इन्फो'. अहवाल तयार व्हायला साधारण 3 दिवस लागतात. त्यात मेसेज नसतात, खात्याची माहिती आणि सेटिंग असतात. चॅट हवी तर ती वेगळी एक्स्पोर्ट करावी लागते.

ट्रूकॉलरचं थोडं वेगळं आहे, कारण तुम्ही ते अ‍ॅप कधीच घेतलं नसलं तरी तुमचा नंबर नावासकट तिथे सापडू शकतो. अ‍ॅप वापरत असाल तर आधी सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी सेंटरमध्ये जाऊन खातं बंद करा. खातं चालू असताना नंबर यादीतून काढता येत नाही. मग त्यांच्या वेबसाइटवरच्या 'अनलिस्ट' पानावर जा, नंबर टाका आणि सुरुवातीला अधिक 91 हा देशाचा कोड विसरू नका. तो राहिला म्हणून विनंती फुकट जाणं नेहमीचंच. नंबर शोधातून निघायला 24 तासांपर्यंत लागतात. नंतर पुन्हा खातं उघडलं तर नाव परत यादीत येतं.

लहान अ‍ॅप्समध्ये मिटवण्याचं बटण सापडत नसेल तर प्ले स्टोअरवर त्या अ‍ॅपच्या पानावर 'डेटा सेफ्टी' विभाग उघडा. ज्या अ‍ॅपमध्ये खातं उघडता येतं, त्याने खातं मिटवण्याची सोय अ‍ॅपमध्ये आणि वेब लिंकवरही द्यायची, असं गुगलचं धोरण आहे. अ‍ॅपलने तर 30 जून 2022 पासून अ‍ॅपमधूनच खातं मिटवता आलं पाहिजे अशी अट घातली आहे. अ‍ॅपमध्ये तसं बटण नसेल तर 'तुमचं अ‍ॅप स्टोअरच्या धोरणाचं पालन करत नाही' एवढं एक वाक्य तक्रारीत घाला आणि स्टोअरवरही कळवा. स्टोअरवरून काढलं जाण्याची भीती छोट्या कंपन्यांना कायद्यापेक्षा जास्त लवकर हलवते.

बटण नसेल तिथे पत्र

बटण नसलेल्या ठिकाणी, आणि डेटा कोणाला दिला हे जाणून घ्यायचं असेल तिथे, लेखी मेल हाच मार्ग. ग्राहक सेवेच्या चॅटवर बोलून उपयोग नाही. तिथला माणूस तिकीट बंद करण्यासाठी बसवलेला असतो. वेबसाइटच्या तळाशी 'प्रायव्हसी पॉलिसी' उघडा आणि त्या पानावर 'ग्रिव्हन्स' हा शब्द शोधा. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल बहुतेक वेळा शेवटच्या चार-पाच ओळींत लपलेलं असतं. मेल त्या पत्त्यावर, नोंदवलेल्या ईमेलवरूनच पाठवा. मजकूर असा चालेल:

विषय: वैयक्तिक डेटाचा तपशील मिळणे, संमती मागे घेणे व डेटा पुसणे

तक्रार निवारण अधिकारी यांस,
आपल्या सेवेवर माझे खाते आहे. नोंदवलेला मोबाइल क्रमांक व ईमेल: (इथे लिहा).
1. माझा कोणता वैयक्तिक डेटा आपल्याकडे आहे व तो कशासाठी वापरला जातो, याचा तपशील द्यावा.
2. हा डेटा ज्या कंपन्यांना किंवा व्यक्तींना दिला, त्यांची नावे व दिलेल्या डेटाचे स्वरूप कळवावे.
3. जाहिरात, मार्केटिंग कॉल, एसएमएस व व्हॉट्सअ‍ॅप संदेश यांसाठीची माझी संमती मी आजपासून मागे घेत आहे.
4. मुद्दा 1 व 2 चे उत्तर दिल्यानंतर माझे खाते व डेटा पुसावा, आणि आपण ज्यांना तो दिला त्यांनाही पुसण्यास सांगावे.
5. कायद्याने एखादा भाग ठेवणे आवश्यक असल्यास तो कोणता, कोणत्या कायद्याखाली व कोणत्या तारखेपर्यंत, हे लेखी कळवावे.
माहिती तंत्रज्ञान नियम 2011 मधील नियम 5 नुसार एका महिन्यात उत्तर अपेक्षित आहे.

मे 2027 नंतर शेवटच्या ओळीत 2023 च्या कायद्याची कलमं 6, 11 आणि 12 लिहा. त्या कायद्याच्या नियमांत तक्रारीला उत्तर देण्याची कमाल मुदत 90 दिवस आहे. मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, मात्र त्याखाली तोच मजकूर इंग्रजीतही जोडा. भाषा कळली नाही म्हणून उशीर झाला असं म्हणायची संधी देऊ नका.

पाचवा मुद्दा गाळू नका. 'आम्ही कायद्यानुसार काही माहिती ठेवतो' असं मोघम उत्तर कंपन्यांच्या तोंडी बसलेलं असतं. कायद्याचं नाव आणि तारीख विचारली की उत्तर देणाऱ्याला खरोखर तपासावं लागतं.

संतापाचे परिच्छेद, धमक्या, सोशल मीडियावर टाकीन वगैरे काही लिहू नका. तेच पत्र उद्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालापुढे किंवा डेटा संरक्षण मंडळापुढे जायचं आहे. शिवाय नव्या कायद्याने वापरणाऱ्यावरही कर्तव्यं घातली आहेत: दुसऱ्याच्या नावाने अर्ज करणं किंवा खोटी तक्रार करणं यासाठी 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आईवडिलांच्या खात्याबद्दल लिहायचं असेल तर त्यांच्याच मेलवरून, त्यांच्याच नावाने लिहा.

पहिलं उत्तर बहुधा यंत्राचं येतं आणि दोन दिवसांनी तिकीट 'रिझॉल्व्ह्ड' दाखवलं जातं. नवा मेल टाकू नका, त्याच मेलला उत्तर द्या: 'मुद्दा 2 व 5 चे उत्तर मिळालेले नाही, तक्रार उघडी ठेवावी.' नव्या मेलने नवं तिकीट तयार होतं आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. प्रत्येक उत्तर पीडीएफ करून तारखेसह एका फोल्डरमध्ये ठेवा.

ओळखपत्र मागितलं तर

डेटा मागणारा खरोखर तोच माणूस आहे का, हे कंपनीने तपासणं योग्यच आहे. नाहीतर कोणीही दुसऱ्याच्या नावाने डेटा उचलेल. पण डेटा पुसायला सांगताना आणखी डेटा देऊन बसणं बरोबर नाही. आधी नोंदवलेल्या नंबरावर ओटीपी पाठवून खात्री करा, असं सुचवा. बहुतेक ठिकाणी तेवढं पुरतं. कागदच हवा असेल तर आधारचं झाकलेलं रूप, म्हणजे मास्क्ड आधार द्या. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ते उतरवता येतं आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रतीवर तिरकं लिहा: 'फक्त अमुक कंपनीकडील खाते मिटवण्यासाठी', आणि तारीख. खात्यासाठी आधार कधी दिलंच नव्हतं, तर मिटवताना ते का हवं, हे त्यांना लेखी विचारा.

कर्जाची अ‍ॅप्स

महाराष्ट्रात या अ‍ॅप्सनी घराघरांत किती त्रास दिला आहे ते सांगायला नको. पाच-दहा हजारांच्या कर्जासाठी सगळी कॉन्टॅक्ट यादी उचलायची आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करायचे, हा त्यांचा धंदा. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना आणि 2025 मध्ये डिजिटल कर्जाचे एकत्रित निर्देश काढले. त्यानुसार कर्जाच्या अ‍ॅपला फोनमधल्या फाइली, फोटो, कॉन्टॅक्ट यादी आणि कॉल लॉग यांना हात लावता येत नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन ही परवानगी खातं उघडताना किंवा केवायसीपुरती, एकदाच, आणि तीही स्पष्ट संमतीने. कर्जदाराला संमती नाकारता येते, डेटा दुसऱ्याला देण्यावर बंधन घालता येतं, दिलेली संमती मागे घेता येते आणि डेटा पुसायला सांगता येतो.

काम असं करा. अ‍ॅपने कॉन्टॅक्ट मागितले तर त्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या, तोच पुरावा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या परमिशन मॅनेजरमध्ये जाऊन कॉन्टॅक्ट, एसएमएस, कॉल लॉग आणि फाइल या चारही परवानग्या काढा. मग कर्जाच्या करारात खरा सावकार कोण ते शोधा. अ‍ॅप हा बहुधा दलाल असतो, पैसे देणारी बँक किंवा वित्तसंस्था वेगळी असते आणि जबाबदारी तिच्यावर येते. पत्र दोघांनाही पाठवा. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करा. शुल्क नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. करारात कोणत्याही बँकेचं किंवा नोंदणीकृत संस्थेचं नावच नसेल, तर ते अ‍ॅप बेकायदा समजा: रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर कळवा आणि धमक्या येत असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

कर्जाशी जोडलेली आणखी एक जागा म्हणजे क्रेडिट अहवाल, आपल्या कर्जांचा आणि परतफेडीचा नोंदवलेला इतिहास. दुरुस्तीच्या हक्काला खरे दात इथेच आहेत. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या नोंदी ठेवणाऱ्या चार संस्था (ब्युरो) आहेत, चौघांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. न घेतलेलं कर्ज किंवा फेडूनही थकीत दाखवलेला हप्ता दिसला तर त्या ब्युरोकडे ऑनलाइन तक्रार टाका. दुरुस्ती 30 दिवसांत झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची आहे. त्यातले पहिले 21 दिवस बँकेने माहिती सुधारून पाठवायचे. तक्रार टाकतानाच भरपाईसाठी बँक खात्याचा तपशील मागतात, तो भरा.

काय पुसलं जाणार नाही

बँक, वॉलेट आणि ब्रोकर यांना केवायसीची कागदपत्रं संबंध संपल्यापासून 5 वर्षं ठेवावीच लागतात, मनी लाँडरिंगविरोधी कायद्यामुळे. जीएसटीची बिलं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने. नव्या नियमांत काही नोंदी कमीत कमी एक वर्ष जपायला सांगितलं आहे. हे मान्य करा, पण त्या नोंदींच्या आडोशाने मार्केटिंगसाठी ठेवलेला नंबर राहता कामा नये. केवायसी ठेवणं वेगळं आणि त्या नंबरावर विम्याचे फोन करणं वेगळं. नको असलेले कॉल तरीही आले तर सात दिवसांच्या आत 1909 वर किंवा ट्राय या दूरसंचार नियामकाच्या डीएनडी अ‍ॅपवर तक्रार करा. कॉल करणाऱ्याचा नंबर आणि तारीख लागते.

स्वतःहून जगजाहीर केलेल्या माहितीला, उदाहरणार्थ सार्वजनिक प्रोफाइलवर लिहिलेल्या नंबराला, 2023 चा कायदा लागूच होत नाही. तो आधी तिथून काढा.

उत्तर आलं नाही तर कुठे जायचं

ई-कॉमर्स असेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तुमचा फोटो, पत्ता किंवा नंबर कोणी सोशल मीडियावर टाकला आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही, तर त्याच्या निर्णयापासून 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. खासगी क्षणांचे फोटो असतील तर सायबर गुन्हे पोर्टलवर थेट तक्रार करा, कंपनीच्या उत्तराची वाट बघू नका.

कंपनीच्या निष्काळजीपणाने संवेदनशील डेटा फुटला आणि पैशांचं नुकसान झालं, तर कलम 43अ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे भरपाईचा दावा करता येतो. महाराष्ट्रात हे काम मंत्रालयातून चालतं आणि 5 कोटी रुपयांपर्यंतचे दावे तिथे येतात. नवा कायदा पूर्ण लागू झाला की हे कलम जाणार आहे. त्यानंतर मंडळ कंपनीला 250 कोटींपर्यंत दंड करू शकेल, पण तो सरकारी तिजोरीत जाईल, ज्याचं नुकसान झालं त्याला त्यातून काही मिळणार नाही. या कायद्यातली ही मोठी उणीव आहे. ज्यांचं नुकसान आजच झालं आहे, त्यांनी दावा लांबवू नये. मंडळाकडे जाण्याआधीही कंपनीकडची तक्रारीची पायरी पूर्ण करावीच लागते, म्हणून ते पीडीएफचं फोल्डर जपा.

युरोपीय संघात राहणाऱ्या मराठी मंडळींना जास्त मजबूत हत्यार आहे: जीडीपीआर या तिथल्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 15 खाली पूर्ण डेटाची प्रत फुकट मागता येते आणि उत्तर एका महिन्यात, गुंतागुंत असेल तर आणखी दोन महिन्यांत द्यावं लागतं. कॅलिफोर्नियात ही मुदत 45 दिवस, ती आणखी 45 ने वाढू शकते. तिथल्या रहिवाशांना डेटा विकणाऱ्या सगळ्या नोंदणीकृत दलालांना 'ड्रॉप' नावाच्या सरकारी पानावरून एकाच अर्जात पुसायला सांगता येतं.

खरंच पुसलं का, हे तपासताना

'आपलं खातं मिटवलं आहे' हा मेल जपून ठेवा आणि 90 दिवसांनी तपासा. ईमेलने चालणाऱ्या सेवेत 'पासवर्ड विसरलो' दाबून जुना ईमेल टाका. रिसेटचा मेल आला म्हणजे खातं अजून आहे. ओटीपीने चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये मात्र असं करू नका. आपल्याकडची बरीच अ‍ॅप्स नंबर टाकून ओटीपी दिला की न विचारता नवं खातं उघडतात, आणि तपासायला गेलेला माणूस नव्याने ग्राहक होऊन बसतो. तिथे तक्रार अधिकाऱ्याला जुन्याच मेलवर उत्तर देऊन विचारा: या क्रमांकावर आज कोणता डेटा शिल्लक आहे? मार्केटिंगचे मेसेज पुन्हा सुरू झाले तर त्या मेसेजचा स्क्रीनशॉट आणि मिटवल्याचा मेल एकत्र जोडून तीच तक्रार पुन्हा उघडा.